जटिल व्यवस्था शिकताय? आधी बाणांची चिन्हं नीट घाला

कॉम्प्लेक्स सिस्टिम्स, म्हणजे जटिल व्यवस्था, शिकायला बसलेल्यांची गाडी 'कॉम्प्लेक्स' या पहिल्याच शब्दावर अडते. आपण ट्रॅक्टरच्या इंजिनालाही 'गुंतागुंतीचं' म्हणतो आणि मोंढ्यातल्या तुरीच्या भावालाही. पण इंजिन मिस्त्री पूर्ण खोलतो, भाग ताडपत्रीवर मांडतो, परत जोडतो आणि ते पहिल्यासारखं चालतं. भाव तसा खोलता येत नाही. शेतकरी, अडते, डाळमिलवाले एकमेकांकडे बघून आपलं वागणं बदलत असतात. जटिल म्हणतात ते याला. त्यामुळे भाग किती आहेत हे मोजत बसू नका. कोण कुणावर परिणाम करतं आणि तो परिणाम फिरून परत कुठे येतो, ते शोधा.

सरावाला गावातलाच विषय घ्या, बोअरचं पाणी. कागदावर सात-आठच चौकटी काढा, त्यांच्यात बाण काढा, प्रत्येक बाणावर अधिक किंवा उणे लिहा.

आणि इथेच माणूस आपटतो. माझे कितीतरी दिवस याच जागी वाया गेले, म्हणून जरा लांबण लावतो. अधिक म्हणजे 'चांगलं' नव्हे, उणे म्हणजे 'वाईट' नव्हे. पहिली गोष्ट वाढली की दुसरीही वाढते आणि घटली की घटते, तिथे अधिक. उलट दिशेने बदलते, तिथे उणे. एवढंच! दुसरं म्हणजे, चौकटीत 'पातळी घसरली' किंवा 'दुष्काळ' लिहू नका. वर-खाली होणारी राशी लिहा: 'भूजल पातळी', 'बोअरची खोली', 'उपसा'. घटना लिहिली की चिन्हं उलटी पडतात आणि सगळी आकृती खोटं बोलायला लागते.

आता बघा. पातळी खाली गेली की लोक बोअर खोल घेतात: उणे. खोली वाढली की उपसा वाढतो: अधिक. उपसा वाढला की पातळी घटते: उणे. बाण फिरून परत पातळीवर आले, ही झाली एक फेरी. फेरीतली उणे चिन्हं मोजा. दोन, म्हणजे सम. ही फेरी घसरणीला आणखी जोर देते. उणे विषम असतील तर फेरी स्वतःला आवरते. गावातला एकही माणूस 'पाणी संपवू' असं ठरवत नाही, जो तो आपलं पीक वाचवत असतो. तरी पाणी संपतं. कुठल्याही एका भागात नसलेला हा गुण सगळ्यांच्या वागण्यातून वर येतो, त्यालाच इमर्जन्स म्हणतात.

आवरणारी फेरीही असते. पातळी खाली, पाणी उपसायचा वीजखर्च वर, खर्च वाढला की उपसा कमी. उपसा-पातळीचा आधीचा उणे धरून तीन उणे. पण २०२४पासून राज्यात ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे, म्हणजे त्यांच्यापुरता खर्चाचा बाण तुटला. योजना बरी की वाईट हा वाद इथे आणू नका, बाण तुटला हे मात्र नोंदवा. शिवाय आपल्या बेसाल्टमध्ये पाणी बहुतेक वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं. घट्ट खडक लागला की दुप्पट खोलीला दुप्पट पाणी मिळत नाही. सरळ रेषेचं गणित इथे मोडतं.

आवरणारी फेरी म्हणजे सगळं स्थिर, असंही धरू नका. तुरीचा भाव वाढला की पेरा वाढतो, पुढे आवक वाढते, मग भाव पडतो. एकच उणे, तरीही झोके बसतात, कारण जूनच्या पेऱ्याची आवक येते डिसेंबर-जानेवारीनंतर. २०१५मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. पुढच्या खरिपात पेरा इतका वाढला की २०१७च्या सुरुवातीला तुरीचे बाजारभाव क्विंटलला ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली आले. ज्या बाणात उशीर आहे, त्यावर दोन आडव्या रेघा मारा.

गणिताची भीती असेल तर ती सोडा, एक्सेल पुरतं. A1 या घरात 0.2 लिहा, खालच्या घरात सूत्र =3.9*A1*(1-A1), आणि पन्नास ओळी खाली ओढा. अंक-अक्षरं इंग्रजीतच टाका. शेजारच्या रकान्यात तेच, पण सुरुवात ०.२००००१. काही ओळी दोन्ही रकाने हातात हात घालून चालतात, चाळिसाव्या ओळीपर्यंत त्यांची फारकत झालेली असते. ३.९च्या जागी २.८ टाकलं तर दोन्ही ०.६४३वर शांत बसतात. सूत्र तेच, एक आकडा बदलला की सगळ्या व्यवस्थेचं वागणं बदलतं.

नेटलोगो हे अशा व्यवस्थांची मॉडेलं संगणकावर चालवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण त्यातली तयार मॉडेलं चालवून 'आलं मला' म्हणू नका. कागदावरची आकृती झाल्याशिवाय ते उघडूच नये, असं माझं ठाम मत आहे. मार्गदर्शक निवडताना आकृती दाखवा. 'सीमा कुठे आखलीस? शेजारच्या गावाचे बोअर आत की बाहेर?' असं जे विचारतील, त्यांच्याकडे जा.