दोघांची खाणं-खरेदी टूर: गाईडने या चुका टाळा

खास एका जोडप्यासाठी आखलेली टूर बिघडते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. गाईड दोघांना मिळून एक गिऱ्हाईक समजतो. बुकिंग एकाच्या नावाने, मेसेज त्याचेच, पैसेही त्याच्याच कार्डावरून. मग दुसऱ्याची भूक, चालायची ताकद आणि खरेदीची हौस गृहीत धरली जाते, आणि ते गणित रस्त्यात फसतं.

एकाच फॉर्मवर दोघांची माहिती घेणं

‘आम्हाला सगळं चालतं’ असं उत्तर आलं की सावध व्हा. लिहिणाऱ्याला चालतं, एवढंच त्यातून कळलं. फॉर्म दोन पाठवा आणि दोन वेगवेगळ्या नंबरांवर पाठवा. काही गोष्टी जोडीदारासमोर सांगायच्या नसतात: गुडघा दुखतो, गोळ्या चालू आहेत, त्याच्यासाठी गुपचूप भेट घ्यायची आहे.

‘अ‍ॅलर्जी आहे का?’ हा प्रश्न कुचकामी आहे, कारण लोक सवयीने ‘नाही’ लिहितात. शेंगदाणे, सुकामेवा, तीळ, दूध, अंडी, गहू, सोया, मासे, कोळंबी-खेकडे अशी यादीच द्या. प्रत्येकापुढे ‘चालतं’, ‘आवडत नाही’, ‘पोटाला त्रास होतो’ आणि ‘गंभीर अ‍ॅलर्जी’ असे चार पर्याय ठेवा. गंभीर अ‍ॅलर्जीवर खूण असेल, तर स्वयंपाक्याला पदार्थात काय घातलंय एवढंच विचारून भागत नाही. त्याच कढईत, त्याच तेलात आणखी काय तळलं जातं तेही विचारा. निघताना पाहुण्याकडे अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन आहे ना, ते बघा. ते हॉटेलच्या खोलीत राहिलं असेल तर परत जाऊन आणा, अर्धा तास गेला तरी चालेल. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर इंजेक्शन लगेच मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यायचं, रुग्णवाहिका बोलवायची, माणसाला आडवं करायचं, श्वास घेणं जड जात असेल तर बसतं ठेवायचं. चालवत न्यायचं नाही. अ‍ॅलर्जीची साधी गोळी इंजेक्शनची जागा घेत नाही.

फॉर्ममधला शेवटचा प्रश्न: कोणती एक गोष्ट राहिली तर वाईट वाटेल? हा प्रश्न दोघांनाही विचारा. याचा उपयोग पुढे येतो.

पहिल्याच थांब्यावर पोट भरणं

चार तासांत खाण्याचे पाच थांबे असतील आणि पहिल्याच ठिकाणी दोघांपुढे भरलेल्या प्लेट आल्या, तर तिसऱ्या थांब्यानंतर नुसतं ‘छान आहे’ म्हणत चमचा फिरवला जातो. एका थांब्यावर माणशी चार-पाच घास, म्हणजे साधारण ६० ते ८० ग्रॅम, पुरे. दोघांत एक प्लेट मागवा. मात्र एकाला अ‍ॅलर्जी किंवा खाण्याचं बंधन असेल तर ही काटकसर विसरा. प्लेट वेगळी आणि चमचाही वेगळा.

क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवा. तळलेला, तुपकट थांबा एकच असू द्या, तोही मध्यानंतर. गोड शेवटी. सुरुवातीलाच गोड खाल्लं की पुढच्या चवी बोथट होतात आणि भूकही मरते. तिखट झोंबलं की गाईड पाण्याची बाटली पुढे करतो, पण मिरचीतला झोंबणारा घटक पाण्यात फारसा विरघळत नाही. दूध किंवा दही द्या. दूध चालत नसेल तर चमचाभर साखर तोंडात धरायला सांगा.

उरलेलं पार्सल घेऊन फिरणं ही चूक जवळपास सगळेच करतात. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मध्ये राहिलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून ते दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. पहिल्या थांब्याचं पार्सल चौथ्या तासाला हॉटेलवर पोचलं, तर ते टाकून द्यायच्याच लायकीचं असतं. पार्सल हवंच असेल तर शेवटच्या थांब्यावरून घ्या.

एकाला दुकानात ताटकळत ठेवणं

दृश्य ओळखीचं आहे. एक जण कापडाचा पोत बोटांनी चाचपतोय, चौथं ठाण उलगडायला सांगतोय. दुसरा दाराशी, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर, दर मिनिटाला फोन बाहेर. पाच मिनिटांत पहिला म्हणतो, ‘राहू दे, नंतर बघू.’ खरेदी झाली नाही आणि दोघंही नाराज.

अशा वेळी वेगळं व्हायला तुम्हीच सुचवा. ते आपणहून म्हणणार नाहीत. दुकानापासून दोन मिनिटांवर बसायची जागा आधी हेरून ठेवा. २५ मिनिटं ठरवा, भेटायची जागा प्रत्यक्ष दाखवा, लोकेशन पाठवा. तुम्ही थांबायचं ते भाषेची गरज असलेल्याजवळ, आणि तो बहुधा खरेदी करणाराच असतो. घ्यावं की नाही यावर दोघांची जुंपली, तर तुमचं मत स्वतःजवळ ठेवा. वस्तूबद्दल विचारलं तर मात्र खरं सांगा. रंग जाईल का, अशी शंका असेल तर दुकानदाराला विचारून पांढरा ओला रुमाल आतल्या शिवणीवर घासून बघा. दुकानातून कमिशन मिळत असेल तर आत जाण्याआधी सांगा; नंतर कळलं तर तुमच्या खाण्याच्या शिफारशींवरचाही विश्वास उडतो.

खाण्यानंतर लगेच कापडाच्या दुकानात न्यायचं असेल तर आधी हात धुवायची सोय बघा, ओल्या टिश्यूने तेल पुरतं निघत नाही. अत्तर, चहा, मसाले यांची दुकानं तिखट थांब्याच्या आधी घ्या. जड आणि फुटणाऱ्या वस्तू शेवटी.

उशीर झाल्यावर वाटेल तो थांबा गाळणं

अर्धा तास मागे पडलात तर दोन फॉर्मवरची ती ‘एक गोष्ट’ सोडून बाकी काहीही कापा. कोणता थांबा गाळायचा हे आदल्या दिवशीच ठरलेलं हवं. दर दीड तासाला स्वच्छतागृह हा थांबा कधीच गाळायचा नाही.

बिल आणि सामानाचा विचार न करणं

पाहुणे परदेशी असतील तर कार्ड मशीन ‘तुमच्या देशाच्या चलनात पैसे भरायचे का?’ असं विचारतं. तिथे स्थानिक चलन निवडायला सांगा, दुसऱ्या पर्यायात विनिमयाचा दर सहसा महाग पडतो. पर्यटकांना कर परत मिळण्याची सोय असेल तर मूळ बिल आणि पासपोर्ट लागतो, आणि वस्तू कस्टम्सला दाखवायची असल्याने बॅग चेक-इन करण्याआधी ते काम उरकावं लागतं. १०० मिलिपेक्षा मोठी द्रवाची बाटली बहुतेक विमानतळांवर हातातल्या बॅगेत चालत नाही. बिया, मांस, दुधाचे पदार्थ अनेक देश अडवतात. हस्तिदंत, समुद्री कासवाचं कवच आणि अनेक प्रकारची प्रवाळं यांच्या वस्तू साइटिस कराराच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या, १९७५ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत येतात. ‘जुनं आहे, चालतं’ हे दुकानदाराचं म्हणणं कस्टम्समध्ये उपयोगी पडत नाही.

कुरियरने पाठवायचं ठरलं तर आधी खोकं मोजा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला ५००० ने भागा. बऱ्याच कंपन्या हे आकारमानाचं वजन आणि खरं वजन यांतलं जे जास्त त्यावर पैसे घेतात. दोन किलोचा कंदील ५० × ४० × ४० च्या खोक्यात गेला की त्याचे १६ किलो धरले जातात. हा आकडा दोघांनाही पैसे देण्याआधी सांगा.