चेहऱ्याची लव रेझरने काढताना या चुका टाळा

ओठावरची आणि गालांवरची लव काढण्यासाठी पार्लरमध्ये दोऱ्याचे चटके सोसण्यापेक्षा घरीच छोटा रेझर वापरणे पुण्यातल्या अनेक मुलींना आणि स्त्रियांना आता सोयीचे वाटते. तुळशीबागेतल्या दुकानांपासून गल्लीतल्या मेडिकलपर्यंत हे रेझर सहज मिळतात, ते स्वस्त असतात आणि लव निघाल्यावर चेहरा तुकतुकीत दिसतो, मेकअपही एकसारखा बसतो. नीट काळजी घेतली तर बहुतेकींसाठी ही पद्धत सुरक्षित आहे. तरीही पुटकुळ्या आल्या, हनुवटीजवळ कातडी काळवंडली, केस राठ झाले अशा तक्रारी वारंवार कानावर येतात. थोडी चौकशी केली, तर पाते फिरवण्याआधीच्या आणि नंतरच्या दोन-तीन दिवसांत त्वचेला काय काय सोसावे लागले होते, ते हळूहळू समोर येते.

केस दाट होतील ही भीती, आणि तिच्यातून होणारी घाई

रेझर फिरवल्याने केस दाट आणि जाड होतात, हा समज आई-मावशांपासून चालत आलेला आहे. अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी पुरुषांच्या दाढीच्या केसांची मोजमापे घेऊन १९२८ मध्येच दाखवून दिले होते, की दाढी केल्याने केसाचा रंग, जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही. केसाचे मूळ त्वचेच्या आत असते आणि पाते तिथपर्यंत पोहोचतच नाही. न कापलेल्या केसाचे टोक गवताच्या पात्यासारखे निमुळते असते. रेझरने तो आडवा कापला जातो, त्यामुळे नव्याने वर येणारा बोथट खुंट बोटाला खरखरीत लागतो. मऊ लवेचे जाड काळ्या केसांत रूपांतर करतात ती पुरुषी संप्रेरके, म्हणजे ॲण्ड्रोजन. हा बदल अनेकींमध्ये विशी-तिशीत, नेमका रेझर हाती येण्याच्या वयात दिसू लागतो आणि दोष रेझरवर जातो.

ही भीती निरुपद्रवी नाही. दोन दिवसांनी गाल किंचित खरखरीत लागला, की अनेकजणी घाबरून पुन्हा रेझर उचलतात आणि सावरू पाहणाऱ्या त्वचेवर तो परत फिरवतात. नुसती लव काढायची असेल, तर दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरे होते.

त्वचेवर आधीपासून काय चालू आहे, ते न पाहणे

माझ्या मते सर्वाधिक नुकसान याच चुकीने होते. रात्री मुरुमांसाठी ॲडापॅलीन किंवा ट्रेटिनॉइनचे मलम, सकाळी ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक ॲसिडचे सीरम, रविवारी स्क्रब, आणि या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी रेझर, असा क्रम अनेकींचा असतो. ही द्रव्ये त्वचेचा वरचा थर आधीच हळवा करून ठेवतात आणि पातेही तोच थर खरवडते. म्हणून लव काढण्याच्या तीन-चार दिवस आधीपासून ही मलमे आणि सीरम थांबवावीत आणि नंतर त्वचेची आग पूर्ण शमल्यावरच पुन्हा सुरू करावीत. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध मात्र आपल्या मनाने बंद न करता त्यांना विचारावे. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तर त्वचा फार कोरडी आणि नाजूक होते, त्यामुळे त्यांच्या सल्ल्याशिवाय रेझर नकोच. ब्लीच आणि रेझर एकाच दिवशी कधीही करू नये.

चेहऱ्यावर पिकलेले मुरूम, ओठाजवळ तापाचे फोड किंवा इसब असेल, तर तो भाग बरा होईपर्यंत थांबावे. एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते: चेहऱ्यावर येणारे लहान, चपटे मस विषाणूंमुळे होतात आणि त्यांवरून पाते फिरले, तर त्याच रेषेत नवे मस उठू शकतात. गालावर किंवा कपाळावर त्वचेच्याच रंगाचे बारीक चपटे उंचवटे दिसत असतील, तर ते आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावेत. उंच तिळाच्या कडेकडेने रेझर न्यावा, त्यावरून नाही.

पाते कोणते आणि ते कसे फिरते

नवऱ्याचा किंवा भावाचा तीन-चार पात्यांचा रेझर उचलून तोच गालावर फिरवणे ही नेहमीची चूक आहे. त्या रेझरचे पहिले पाते केस ओढते आणि मागचे पाते तो त्वचेच्या पातळीखाली कापते; असा केस वाढताना आतल्या आत वळला, की तिथे लाल पुटकुळी उठते. चेहऱ्यासाठी एकाच पात्याचा लहान रेझर घ्यावा आणि तो फक्त आपलाच असावा. एकमेकींचे रेझर वापरल्याने नुसते जिवाणूच नव्हे, तर हिपॅटायटिस बी आणि सीचे विषाणूही रक्ताच्या सूक्ष्म थेंबातून पसरू शकतात. हॉस्टेलमध्ये आणि एका खोलीत राहणाऱ्या मैत्रिणींनी हे विशेष लक्षात ठेवावे.

चेहरा सौम्य फेसवॉशने धुऊन मेकअप आणि सनस्क्रीन पूर्ण काढावे आणि साधे, सुगंधरहित जेल पातळ लावावे, म्हणजे पाते घसरत जाते. शहराबाहेरच्या अनेक सोसायट्यांत बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी येते आणि त्यात साबणाचा अंश चेहऱ्यावर राहून जातो, त्यामुळे तिथे चेहरा जरा जास्त वेळ धुवावा. त्यानंतर डाव्या हाताच्या बोटांनी गाल कानाकडे हलकेच ताणून धरावा, पाते त्वचेशी साधारण ४५ अंशांच्या कोनात ठेवावे आणि केसांच्या वाढीच्या दिशेने, म्हणजे बहुतेक भागात वरून खाली, छोटे छोटे फटकारे द्यावेत. ओठावरच्या भागासाठी वरचा ओठ दातांवर ताणून घ्यावा आणि नाकाखालून ओठाकडे यावे. न्हाणीघरातल्या मंद दिव्याखाली न करता खिडकीजवळच्या उजेडात हे करावे, म्हणजे लव तिरप्या प्रकाशात स्पष्ट दिसते.

दोन-तीन फटकाऱ्यांनंतर पात्याच्या कडेवर पांढरट थर जमतो. ती मृत पेशींची आणि बारीक लवेची भुकटी असते. ती पाहून समाधान वाटते खरे, पण भुकटी जितकी जास्त तितकी त्वचा स्वच्छ, असे समजून त्याच जागेवरून पाचसहा वेळा रेझर फिरवणे हीच मोठी चूक आहे. मृत पेशी संपल्यावरही पाते खरवडतच राहते आणि त्वचेचे पाणी धरून ठेवणारा थर निघून जातो. एका जागेवरून दोन फटकारे बस झाले. पाते प्रत्येक वेळी स्वच्छ कापसाने पुसावे. काम झाल्यावर रेझर धुऊन पूर्ण कोरडा करावा आणि न्हाणीघराबाहेर झाकण लावून ठेवावा, कारण जुलै-ऑगस्टमधल्या पुण्याच्या दमट हवेत ओल्या पात्याला गंज चढायला वेळ लागत नाही. पाते ओढल्यासारखे वाटू लागले, की ते टाकून द्यावे.

नंतरचा दिवस: स्कार्फ, ऊन आणि हळद

पुण्यातल्या मुलींसाठी एक खास सूचना करावीशी वाटते. दुचाकीवर निघताना डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने गुंडाळायची इथली पद्धत धुळीपासून आणि उन्हापासून संरक्षण देते, यात शंका नाही. पण स्कार्फचा पदर नाकावरून ओढून कानामागे खोचला, की त्याची घडी नेमकी ओठावर आणि गालावर, म्हणजे आदल्या रात्री रेझर फिरलेल्या जागेवरच घासत राहते. त्यात घाम, कापडात अडकलेली कालची धूळ आणि हेल्मेटच्या पट्ट्याचा दाब. कात्रजहून हिंजवडीपर्यंत हे घर्षण सोसल्यावर गालावर पुरळ उठले, तर रेझरला दोष देण्यात अर्थ नाही. लव शक्यतो सुट्टीच्या आदल्या रात्री काढावी. दुसऱ्या दिवशी बाहेर पडावेच लागले, तर धुतलेला, मऊ सुती स्कार्फ सैलसर घ्यावा.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत जराशी जळजळही तपकिरी डाग मागे ठेवते आणि तो जायला कित्येक महिने लागू शकतात. म्हणून पुढचे काही दिवस किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन न चुकता लावावे आणि बाहेर असाल, तर दर दोन तासांनी पुन्हा लावावे. एप्रिल-मेमध्ये तर त्याला पर्याय नाही. लव काढल्यावर लगेच लिंबू, तुरटी, अत्तरमिश्रित लोशन किंवा डाळीच्या पिठाचे उटणे लावू नये. लग्नघरी हे हमखास घडते: हळदीच्या आदल्या रात्री घाईने रेझर फिरवला जातो आणि सकाळी ताज्या खरचटलेल्या गालांवर ओली हळद चोळली जाते. समारंभ असेल, तर लव तीन दिवस आधीच काढून मोकळे व्हावे.

त्रास झालाच तर

आग होत असेल, तर थंड पाण्यात पिळलेला स्वच्छ कपडा पाच-दहा मिनिटे ठेवावा आणि सुगंध नसलेले साधे मॉइश्चरायझर लावावे. कापले असेल, तर धुऊन, दाब देऊन रक्त थांबवावे आणि पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा. पुटकुळ्या उठल्या, तर त्या बसेपर्यंत रेझर बंद ठेवावा, कोमट पाण्याचा शेक द्यावा आणि आत वळलेला केस चिमट्याने उकरू नये. पू झाला किंवा लाली पसरत गेली, तर डॉक्टरांकडे जावे.

मेडिकलमधून कोणी सुचवलेले, ‘लगेच गोरे करणारे’ मलम मात्र कृपया लावू नका. अशा अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. त्याने लाली दोन दिवसांत ओसरते, पण महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, मुरूम येतात आणि चेहऱ्यावर केसही वाढतात. जी लव घालवायची होती, तीच अशा मलमाने वाढावी, हे पाहून वाईट वाटते.

हनुवटीवर, जबड्याच्या कडेला किंवा गळ्यावर जाड, काळे केस येत असतील आणि सोबत पाळी अनियमित असेल, मुरूम किंवा वजन वाढत असेल, तर पीसीओएसची, म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडवणाऱ्या अंडाशयाच्या विकाराची, शक्यता तपासून घ्यावी. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा हार्मोन्सचे तज्ज्ञ रक्ततपासणी करून उपचार ठरवतात. केस थोड्याच महिन्यांत झपाट्याने वाढले आणि आवाजही घोगरा झाला, तर अजिबात थांबू नये. तपासणीच्या काळात रेझर वापरायला हरकत नसते, फक्त केस कुठे आणि किती जाड येतात, हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे, कारण गुळगुळीत हनुवटी पाहून त्यांना ते कळणार नाही. लेझर करून घ्यायचे ठरले, तर त्याआधीचे काही आठवडे थ्रेडिंग, वॅक्सिंग आणि चिमटा बंद ठेवावा लागतो, कारण लेझरला मुळाशी केस शिल्लक असावा लागतो. रेझर त्या काळातही चालतो.