ओपन ऑफर आली की बोर्डाने कशाला हात लावायचा नाही

रात्री साडेनऊला प्रमोटरांचा, म्हणजे कंपनी ज्यांच्या हातात आहे त्या मूळ मालकांचा, फोन. "मॅडम, उद्याच बोर्ड मीटिंग लावा. जावयाच्या कंपनीला निवडून नवे शेअर (प्रेफरन्शिअल इश्यू) देऊन टाकू, मग बघतो कोण घुसतं ते." मी कंपनी सेक्रेटरी. अजेंड्याआधी मी कॅलेंडर उघडलं. तुम्हीही तेच उघडा.

कंपनीत मोठा हिस्सा किंवा ताबा घेणाऱ्याला बाकीच्या भागधारकांचेही शेअर घ्यायची जाहीर ऑफर द्यावी लागते, तीच ओपन ऑफर. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिच्या 2011 च्या टेकओव्हर (ताबा घेण्याच्या) नियमांत या ऑफरचा काळ जाहीर घोषणेचीच वाट बघतो असं नाही, शेअर घ्यायचा करार झाला त्या दिवसापासूनही तो धरतात. त्या काळात नियम 26 लागतो. नवे शेअर, बायबॅक (कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेणं), मोठी मालमत्ता विकणं, रोजच्या धंद्याबाहेरचं मोठं कर्ज, यातलं काहीही करायचं तर पोस्टल बॅलटने, म्हणजे सभा न घेता मतं मागवून, भागधारकांचा विशेष ठराव हवा. विरोधातल्या एका मतामागे बाजूची किमान तीन मतं. "सबसिडिअरीतून (उपकंपनीतून) करू" असंही कुणीतरी सुचवतंच. नियमात सबसिडिअरीही आहे.

2019 चं उदाहरण मी बोर्डाला नेहमी देते. 18 मार्चला लार्सन अँड टुब्रोने 980 रुपये दराने माइंडट्रीचा 20.32 टक्के हिस्सा घ्यायचा करार जाहीर केला. 20 तारखेला माइंडट्रीचं बोर्ड बायबॅकवर विचार करायला बसलं, 26 ला बेत सोडून दिला. पोस्टल बॅलटलाच महिना जातो हो!

करार व्हायच्या आधीही रान मोकळं नाही. नीडल इंडस्ट्रीजच्या 1981 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नवे शेअर काढायचा अधिकार संचालकांकडे विश्वासाने दिलेला असतो. कंपनीला खरोखर गरज असेल आणि त्यात संचालकांचाही फायदा झाला, तर तेवढ्याने इश्यू बाद होत नाही. निव्वळ खुर्ची टिकवायला काढला तर होतो. म्हणून पैसा कशाला हवा, किती, कधीपर्यंत, हे त्याच बैठकीच्या मिनिट्समध्ये (इतिवृत्तात) लिहा. मागची तारीख टाकून तर मुळीच नको. आमच्या प्रमोटरांनी तेही विचारलं होतं.

मग हातात काय उरतं? स्वतंत्र संचालकांची समिती नेमा. टेंडरिंग, म्हणजे भागधारकांनी ऑफरमध्ये शेअर द्यायचा काळ, सुरू व्हायच्या किमान दोन कामकाजाचे दिवस आधी तिची सकारण शिफारस छापून यावी लागते. भाव कमी वाटत असेल तर आकड्यांनिशी तिथेच म्हणा. दुसरा खरेदीदार शोधायलाही हरकत नाही, पण त्याची स्पर्धक ऑफर पहिल्याच्या सविस्तर जाहीर निवेदनापासून 15 कामकाजाच्या दिवसांत आली पाहिजे. आणि आपण आणलेल्या खरेदीदाराला दाखवलेली फाइल पहिल्या ऑफरवाल्यालाही द्यावी लागते. हे ऐकून फोनवर बराच वेळ शांतता होती.