छोटा रेकॉर्ड प्लेअर घेण्यापूर्वी कसा पारखावा

सुटकेससारखा मिटणारा आणि आतच स्पीकर असणारा छोटा रेकॉर्ड प्लेअर घ्यायचा असेल, तर दुकानात जाताना घरच्या दोन एलपी (लाँग प्ले तबकड्या) सोबत न्याव्यात: एक, जिच्यात तंबोऱ्याचा किंवा हार्मोनियमचा सूर बराच वेळ स्थिर राहतो अशी; आणि दुसरी, जी खराब झाली तरी हळहळ वाटणार नाही अशी. पहिल्या चाचण्या दुसऱ्या तबकडीवर कराव्यात.

सर्वप्रथम सुई पाहावी. पेटीचा रंग आणि ब्लूटूथची सोय यांपेक्षा सुईचा भार महत्त्वाचा असतो, कारण तबकडीची झीज मुख्यतः त्यावर अवलंबून असते. स्वस्त छोट्या यंत्रांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज (ज्यात सुई बसवलेली असते तो भाग) असते व ते तबकडीच्या खाचेवर, म्हणजे सुई जिच्यातून फिरते त्या रेषेवर, साधारण 5 ते 6 ग्रॅम भार टाकते. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला बहुतेक वेळा 2 ते 3 ग्रॅम पुरतात. सुईचा भार मोजणारा छोटा डिजिटल काटा मिळतो, तो जवळ बाळगावा आणि भार स्वतः मोजावा. ज्या यंत्राच्या भुजेला (सुई धरणाऱ्या दांडीला) मागे फिरवता येणारे वजन आहे, त्यात हा भार कमीजास्त करता येतो. ज्यात नाही, तेथे निर्मात्याने ठरवलेला भार निमूटपणे स्वीकारावा लागतो. दुर्मिळ तबकड्यांचा संग्रह असेल, तर असे यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बदली सुई सहज मिळते का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

त्यानंतर गती तपासावी. तबकडी जिच्यावर ठेवतात त्या फिरत्या चकतीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवावा, सुई तबकडीवर ठेवूनच फेरे मोजावेत आणि घड्याळ लावावे. एलपीची गती मिनिटाला 33⅓ फेरे असते, म्हणजे 100 फेऱ्यांना बरोबर 3 मिनिटे लागली पाहिजेत. तेवढेच फेरे 170 सेकंदांत झाले, तर सूर जवळजवळ पूर्ण अर्धस्वर चढतो आणि काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते. सरासरी गती योग्य असूनही सूर डगमगू शकतो. तो दोष मोजणीत सापडत नाही, म्हणून येथे पहिली तबकडी लावावी. वेगवान ठेक्याच्या गाण्यात जो डगमग लपून जातो, तो तंबोऱ्यात लगेच उघडा पडतो. मात्र तबकडीचे भोक मध्यभागी नसले तरी दर फेऱ्याला सूर वरखाली होतो, त्यामुळे यंत्राला दोष देण्यापूर्वी दुसरी तबकडीही ऐकावी.

घरात आजोबांच्या काळातील नाट्यसंगीताच्या 78 गतीच्या लाखेच्या तबकड्या असतील, तर केवळ यंत्रावर 78 चे बटण आहे एवढ्यावर समाधान मानू नये. त्यांची खाच रुंद असते आणि त्यांना साधारण 75 मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीची सुई सुमारे 18 मायक्रॉनची असल्याने ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखर वाढते.

आतल्या स्पीकरकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. तरीही आवाज हळूहळू वाढवून पाहावा. स्पीकरची कंपने सुईपर्यंत पोचू लागली, की घुमल्यासारखा आवाज येतो किंवा सुई उडी मारते. मागे लाल-पांढऱ्या जोडणीचे सॉकेट असल्यास पुढे स्वतंत्र स्पीकर लावता येतात, आणि ही सोय असलेले यंत्र मी अधिक पसंत करीन.

जुने यंत्र घेत असाल, उदाहरणार्थ एके काळी अनेक घरांत असलेला एचएमव्हीचा फिएस्टा, तर आतील रबरी भाग कडक झाले आहेत का ते पाहावे आणि अर्धा तास सलग चालवून गती पुन्हा मोजावी, कारण गार असताना आणि तापल्यावर जुन्या यंत्राची गती पुष्कळदा वेगळी भरते.