मॅक्रोपॅड: कोणतं बटण काय पाठवेल आणि कुठे अडेल

तीन ते बारा बटणं, कडेला एखादा गोल नॉब आणि यूएसबीची वायर, एवढाच मॅक्रोपॅड. संगणकाच्या लेखी तो आणखी एक कीबोर्ड असतो, म्हणून लावल्या लावल्या चालतो आणि ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही. ठरवायचं असतं ते इतकंच, की बटण दाबल्यावर पॅडने काय पाठवायचं. बरेच जण इथे पॅडच्याच पोटात लांबलचक मॅक्रो (एका बटणावर ओळीने निघणाऱ्या अनेक कीज) भरतात, ते चार दिवस चालतात, मग एखाद्या प्रोग्रॅममध्ये भलतंच काही होतं आणि पॅड ड्रॉवरमध्ये जाऊन पडतो. आमचा सल्ला उलटा आहे. स्वतःच्या मशीनवर पॅडने फक्त 'अमुक बटण दाबलं' एवढं सांगावं, त्याचा अर्थ संगणकाने लावावा.

आधी पॅडची जात ओळखा

बाजारात साधारण दोन जाती दिसतात. पहिली क्यूएमके नावाच्या फर्मवेअरवर, म्हणजे पॅडच्या आतल्या प्रोग्रॅमवर, चालणारी. अशा पॅडच्या वर्णनात 'क्यूएमके' किंवा 'व्हाया' हे शब्द लिहिलेले असतात. व्हाया हे मांडणी बदलण्याचं साधन. ते चालत असेल तर मांडणी, म्हणजे कोणतं बटण काय पाठवेल ते, ब्राउझरमधूनच बदलता येते. दुसरी जात म्हणजे तीन बटणं आणि एक नॉब असलेले स्वस्त पॅड. त्यांच्यात डब्ल्यूसीएच कंपनीची छोटी चिप असते आणि विक्रेता विंडोजसाठी एक सॉफ्टवेअर पाठवतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पॅडच्या 'हार्डवेअर आयडी'त व्हीआयडी (बनवणाऱ्याचा क्रमांक) ११८९ दिसला तर तो याच जातीचा समजा. असे पॅड व्हायात कधीच दिसणार नाहीत, तिथे वेळ घालवू नका. विक्रेत्याच्या अनोळखी लिंकवरची फाइल चालवायची नसेल तर सीएच५७एक्स-कीबोर्ड-टूल हे मुक्त स्रोत साधन आहे. ते कमांड लाइनवरून वापरावं लागतं, पण विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. दोन्ही जातींत मांडणी पॅडच्या स्वतःच्या मेमरीत लिहिली जाते. एकदा लिहिली की पॅड दुसऱ्या संगणकाला लावला तरी तीच राहते.

घ्यायचा बाकी असेल तर क्यूएमकेवालाच घ्या, नऊ बटणं आणि एक नॉब पुष्कळ झाले. सोबतची वायर नीट बघा. फोनच्या जुन्या चार्जरच्या काही वायरींतून फक्त वीज जाते, डेटा जात नाही. मग पॅडचे दिवे लागतात, पण संगणकाला तो दिसत नाही.

व्हायामध्ये बटणं लावणं

१. क्रोम किंवा एज उघडा. फायरफॉक्स आणि सफारीत वेबएचआयडी (वेबपानाला कीबोर्डसारख्या उपकरणाशी बोलू देणारी सोय) नसल्यामुळे व्हाया पॅडशी बोलूच शकत नाही.
२. व्हायाच्या संकेतस्थळावर 'ऑथोराइज डिव्हाइस' दाबा आणि यादीतून पॅड निवडा.
३. पॅड निवडूनही पडदा रिकामाच राहिला तर त्या पॅडची व्याख्या, म्हणजे त्याच्या बटणांच्या रचनेचं वर्णन, व्हायाकडे नाही. विक्रेत्याकडून त्या वर्णनाची जेसन फाइल मागा, सेटिंग्जमध्ये 'डिझाइन' टॅब चालू करा, तिथे ती फाइल भरा आणि पुन्हा जोडा.
४. चित्रातलं बटण निवडा आणि खालच्या यादीतून हवी ती की टिचका. 'सेव्ह' नावाचं बटण शोधू नका, बदल त्याच क्षणी पॅडमध्ये लिहिला जातो.
५. सगळं झाल्यावर 'की टेस्टर'मध्ये प्रत्येक बटण एकेकदा दाबून बघा.

लिनक्सवर पॅड यादीत येऊनही उघडत नसेल तर कारण बहुधा परवानगीचं असतं. एचआयडीरॉ उपकरण (पॅडशी थेट बोलण्याची वाट) सामान्य वापरकर्त्याला उघडू देणारा युडेव्ह नियम (लिनक्समधला उपकरणांच्या परवानग्यांचा नियम) लिहावा लागतो. मॅकवर पहिल्यांदा जोडताना 'डाव्या शिफ्टशेजारची की दाबा' असं सांगणारी खिडकी येते. पॅडवर शिफ्टच नसते, तेव्हा ती सरळ बंद करा.

एफ-१३ ते एफ-२४

बहुतेक कीबोर्डवर एफ-१२ नंतर काही नसतं, पण यूएसबीच्या प्रमाणकात एफ-२४ पर्यंत कीज आहेत आणि विंडोज त्या सगळ्या ओळखतो. म्हणजे कोणत्याही प्रोग्रॅमने सहसा न अडवलेल्या बारा कीज आयत्याच हाताशी आहेत. व्हायात त्या 'स्पेशल' गटात सापडतात. पॅडच्या बटणांना ओळीने एफ-१३, एफ-१४ असं लावून टाका आणि पॅडचं काम तिथेच थांबवा. मॅकवर मात्र एफ-२० पर्यंतच भरवसा धरा. त्यातही एफ-१४ आणि एफ-१५ मूळ सेटिंगमध्ये पडद्याचा उजेड कमी-जास्त करतात, ते आधी कीबोर्ड शॉर्टकट्समधून काढावं लागतं.

काही प्रोग्रॅम या कीज थेट घेतात. ओबीएसमध्ये (रेकॉर्डिंग आणि थेट प्रक्षेपणाचा प्रोग्रॅम) सेटिंग्ज, मग हॉटकीज, तिथे 'म्यूट'च्या चौकटीत टिचकी मारून पॅडचं बटण दाबलं की झालं. ओबीएसची खिडकी मागे असली तरी ते चालतं.

बाकीच्यांसाठी विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं मोफत पॉवरटॉइज घ्या. त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये दोन वेगळे रस्ते आहेत आणि त्यांची गल्लत होते. 'रीमॅप अ की' मध्ये एकटी एफ-१३ घेऊन तिला शॉर्टकट किंवा मजकूर देता येतो, पण तो सगळ्या प्रोग्रॅमना सारखाच लागू होतो. एक्सेलमध्ये एक आणि ब्राउझरमध्ये दुसरं काम हवं असेल तर 'रीमॅप अ शॉर्टकट' लागतं. तिथे 'टार्गेट अ‍ॅप'च्या खणात प्रोग्रॅमचं प्रोसेस-नाव लिहितात. या रस्त्याला कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट किंवा विंडोज यांपैकी एक की सोबत असावीच लागते, एकटी एफ-१३ तो घेत नाही. म्हणून ज्या बटणांची कामं प्रोग्रॅमप्रमाणे बदलायची आहेत, त्यांना पॅडवरच कंट्रोल अधिक एफ-१३ अशी जोडी द्या.

पॉवरटॉइज बंद पडलं की ही सगळी व्यवस्था बंद. 'रन अ‍ॅट स्टार्टअप' चालू ठेवा. आणि एखादा प्रोग्रॅम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला असेल तर त्याच्या खिडकीत बटणं मुकी होतात. विंडोज साध्या प्रोग्रॅमला वरच्या हक्काच्या खिडकीत कीज ढकलू देत नाही, हे त्याचं कारण. पॉवरटॉइजही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं की ते सुटतं.

ऑफिसच्या मशीनवर काही इन्स्टॉल करायची परवानगी नसेल तर ही पद्धत गुंडाळून ठेवा. तिथे शॉर्टकट पॅडमध्येच भरण्याला पर्याय नाही, आणि ते लहान असतील तर ठीक चालतंही.

मराठी कीबोर्ड चालू असताना

परदेशी मार्गदर्शिकांत ही अडचण सापडणार नाही. मराठीत काम करणाऱ्याला मात्र पहिल्याच दिवशी भेटते. पॅड अक्षर पाठवत नाही, कीचा क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचं अक्षर कोणतं, हे त्या क्षणी चालू असलेला लेआउट ठरवतो. मॅक्रोमध्ये इंग्रजी स्पेलिंगने 'हॅलो' भरलंय आणि इन्स्क्रिप्ट (देवनागरीचा प्रमाण लेआउट) चालू आहे, तर पडद्यावर उमटेल 'पाततद'. पॅडमध्ये बिघाड नाही, एचच्या जागी प आहे, ईच्या जागी काना आहे, एलच्या जागी त आणि ओच्या जागी द.

कंट्रोल अधिक सी, कंट्रोल अधिक झेड यांसारख्या जोड्या विंडोजवर मराठी लेआउटमध्येही बिनबोभाट चालतात. गडबड होते ती मॅक्रोच्या मधोमध सुटं अक्षर आल्यावर. एक्सेलमध्ये फक्त किंमती पेस्ट करण्याचा जुना क्रम घ्या: कंट्रोल, ऑल्ट आणि व्ही, मग नुसता व्ही, मग एंटर. मराठी चालू असेल तर तो मधला व्ही 'न' होऊन जातो आणि खिडकी तशीच उघडी राहू शकते. नव्या मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये याच कामाला कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही आहे. तिथे सुटं अक्षरच नाही, तोच वापरा.

देवनागरी मजकूर व्हायाच्या मॅक्रोत भरता येत नाही, तिथे फक्त इंग्रजी कीबोर्डवरची अक्षरं चालतात. 'आपला विश्वासू', कार्यालयाचा पत्ता, पावतीखालची ओळ असं काही एका बटणावर हवं असेल तर ते संगणकाकडेच द्या. पॉवरटॉइजमध्ये 'सेंड टेक्स्ट' निवडून मराठीत लिहिलं की कोणताही लेआउट चालू असला तरी तोच मजकूर उमटतो, कारण तो युनिकोड म्हणून जातो. ऑटोहॉटकी (विंडोजवर कीजना कामं लावणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांनी दुसरी आवृत्ती घ्यावी, ती फाइल यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवण्याची पद्धत) समजूनच वाचते. जुन्या १.१ आवृत्तीत फाइल यूटीएफ-८ बीओएमसह (फाइलीच्या सुरुवातीच्या ओळखखुणेसह) जतन केली नाही तर मराठीऐवजी कचरा येतो. मजकूर दोन-तीन ओळींपेक्षा मोठा असेल तर अक्षरं एकेक पाठवण्यापेक्षा क्लिपबोर्डवर टाकून पेस्ट करवणं बरं. काही प्रोग्रॅम वेगाने आलेली जोडाक्षरं अर्धवट गिळतात.

रुपयाचं चिन्ह हवं असेल तर विंडोजमध्ये 'इंग्लिश (इंडिया)' लेआउट लावा आणि पॅडच्या बटणाला उजवा ऑल्ट अधिक ४ द्या. अमेरिकन लेआउटवर याच जोडीने काही येत नाही.

काय लावावं

दिवसातून वीसेक वेळा लागतं तेच बटणावर घ्या. महिन्यातून एकदा लागणारा शॉर्टकट पॅडवर ठेवला तर त्याचं बटण आठवण्यातच जास्त वेळ जातो.

टॅलीवर बसणाऱ्यांना पॅडचा उपयोग लगेच जाणवतो. बऱ्याच लॅपटॉपवर वरची रांग आवाज आणि उजेडासाठी असते आणि एफ-कीजसाठी एफएन धरावी लागते. पॅडवर पेमेंटची एफ-५, रिसीटची एफ-६, जर्नलची एफ-७, सेल्सची एफ-८, पर्चेसची एफ-९ आणि व्हाउचर स्वीकारण्याची कंट्रोल अधिक ए लावली की सहा बटणं भरली. उरलेल्यांत तारखेची एफ-२ आणि 'गो टू'ची ऑल्ट अधिक जी. ऑल्ट अधिक डी, म्हणजे व्हाउचर पुसणं, पॅडवर ठेवूच नका. शेजारच्या बटणावर बोट घसरायला वेळ लागत नाही.

एक्सेलसाठी फिल्टर (कंट्रोल, शिफ्ट, एल), बेरीज (ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह) आणि आजची तारीख (कंट्रोल आणि अर्धविराम). नॉबला कंट्रोल-पेजअप आणि कंट्रोल-पेजडाउन द्या, शीट्स सरसर बदलतात. फोटो किंवा चित्राच्या कामात नॉब मागे-पुढे, म्हणजे अनडू-रीडू, यासाठी छान. आवाजासाठी तो वाया घालवू नये असं आमचं मत, पण त्यावर वाद होऊ शकतो.

मीटिंगचं म्यूट बटण सगळ्यांनाच हवं असतं आणि तेच सगळ्यात फसवं आहे. झूमला ऑल्ट अधिक ए, टीम्सला कंट्रोल-शिफ्ट-एम, गूगल मीटला कंट्रोल अधिक डी. मीटची टॅब समोर नसताना कंट्रोल-डी दाबलं तर ब्राउझर बुकमार्क करायला निघतो आणि तुमचा माइक चालूच राहतो. झूममध्ये शॉर्टकट 'ग्लोबल' करायची सोय आहे, ती चालू करा. मीटसाठी आधी टॅब समोर आणायची सवय ठेवा.

लेयर, म्हणजे त्याच बटणांच्या एकावर एक मांडण्या, दोनच पुरेत. व्हायातली 'एमओ' ही की धरून ठेवेपर्यंत दुसरा लेयर चालतो आणि सोडलं की पहिला येतो. 'टीजी'ने तो अडकून राहतो, आणि पॅडवर खुणेचा दिवा नसेल तर आपण कुठे आहोत तेच कळत नाही.

काय बिघडतं

मॅक्रो अर्धवट चालतो: नवीन खिडकी उघडायच्या आतच पुढच्या कीज निघून जातात. खिडकी उघडणाऱ्या कीनंतर १५० ते २०० मिलिसेकंदांचा विराम टाका.

कंट्रोल अडकल्यासारखी वाटते, स्क्रोल केलं की झूम होतं: मॅक्रोत की दाबली आहे पण सोडलेली नाही. वायर काढून लावा आणि मॅक्रो दुरुस्त करा.

लांब मजकूर मावत नाही: जुन्या प्रो मायक्रो जातीच्या पॅडमध्ये एटीमेगा ३२यू४ चिप असते. तिचा ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) १०२४ बाइटचा, आणि त्यातच सगळे लेयर आणि सगळे मॅक्रो बसवायचे असतात.

एकदा दाबलं तर दोनदा उमटतं: स्विच घाणीने किंवा झिजून थरथरतो. क्यूएमके मुळात ५ मिलिसेकंद वाट पाहतो, जुन्या स्विचला ते अपुरं पडतं. स्विच सॉकेटवाले असतील तर तेवढा एकच बदला. बसवताना दोन्ही पिना सरळ आहेत ना बघा. जोर लावला की एक पिन खाली दुमडते, स्विच बसल्यासारखा दिसतो आणि बटण मात्र मेलेलं असतं.

नॉब उलटा फिरतो: व्हायात दोन्ही दिशांच्या कीज अदलाबदल करा. एका खटक्याला दोन पावलं पडत असतील तर ते फर्मवेअरमधलं 'रिझोल्यूशन' आहे, व्हायातून सुटणार नाही.

वायर लावताना वरचं डावं बटण दाबलं गेलं आणि पॅड मुकाच झाला: ही 'बूटमॅजिक' सोय आहे. त्या वेळी पॅड आपली मेमरी पुसून फर्मवेअर घेण्याच्या अवस्थेत जातो. काहीही न दाबता वायर पुन्हा लावा. पॅड परत चालू होतो, आपण लावलेली मांडणी मात्र पुसून मूळची आलेली असते.

त्यासाठीच मांडणी ठरली की व्हायातल्या 'सेव्ह अँड लोड'मधून जेसन फाइल उतरवून ठेवा, त्यात मॅक्रोही येतात. पासवर्ड मात्र मॅक्रोत भरू नका. पॅड कुणीही आपल्या संगणकाला लावून व्हाया उघडला की तो सरळ वाचता येतो, आणि उतरवलेल्या फाइलीतही तो उघडाच असतो.