नवं नाणं निघण्याआधी घरात काय काय हवं

नाणी जमवायची हौस असेल तर सगळ्यात आधी दोनशे पानी वही घ्या. अल्बम, भिंग, काटा हे सगळं नंतर. आपली टांकसाळ नाणं विकते, पण कोणतं नाणं किती खपलं याचा आठवड्याचा हिशोब काही लावत नाही. अमेरिकेची टांकसाळ दर आठवड्याला विक्रीचे आकडे जाहीर करते, तिथला संग्राहक चहा पिता पिता ते वाचतो. आपल्याला तो हिशोब स्वतःच जमवायला लागतो, आणि नाणं हातात आल्यावर सुरुवात केली तर पहिली चार पानं कायमची कोरी राहतात.

वहीत रकाने आखा: राजपत्राची तारीख, नाण्यावरची किंमत, वजन, धातू, टांकसाळ, विक्रीला लागल्याची तारीख, त्या दिवशीचा भाव, ‘स्टॉक संपला’ दिसल्याची तारीख. शेवटी एक रकाना रिकामा ठेवा, कारण संपलेलं नाणं कधी कधी पुन्हा विक्रीला दिसतं आणि तेव्हा तारीख लिहायला जागा लागते. माझ्या जुन्या वहीत असल्या तारखा समासात कोंबलेल्या आहेत, त्या आता मलाच वाचता येत नाहीत.

राजपत्र वाचायची सवय लावून घ्या. प्रत्येक स्मारक नाण्यासाठी अर्थ मंत्रालय नियम काढतं आणि ते भारताच्या राजपत्रात छापले जातात. पीडीएफ फुकट मिळते. व्यास, वजन, धातूचं प्रमाण, कडेवरच्या दातांची संख्या, दोन्ही बाजूंचं वर्णन, सगळं त्यात असतं. वर्तमानपत्रात फोटो येण्याआधी हे वाचलेलं असलं की निम्म्या अफवा आपोआप गळतात. उदाहरणार्थ, 2023 साली नव्या संसद भवनाचं 75 रुपयांचं नाणं निघालं. 44 मिलिमीटर व्यास, 35 ग्रॅम वजन, त्यात 50 टक्के चांदी, 40 टक्के तांबं आणि निकेल व जस्त 5-5 टक्के. म्हणजे शुद्ध चांदी साडेसतरा ग्रॅम. हा हिशोब वहीत मांडून ठेवा, म्हणजे विक्रीची किंमत बघताना चांदीचे किती आणि हौसेचे किती ते कळतं. अलीकडच्या काही नाण्यांत 99.9 टक्के चांदी आहे आणि वजन 40 ग्रॅम, तिथे हिशोब वेगळा.

खरेदीची तयारी फार नाही. सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशन ही 2006 साली झालेली सरकारी कंपनी चारही टांकसाळी चालवते, आणि संकेतस्थळावरून नाणी विकते. खातं आधीच उघडून पत्ता भरून ठेवा. आपल्या पेठांमधले पत्ते म्हणजे ‘मारुतीच्या देवळामागे, पिंपळाजवळ’. तेव्हा पिनकोड, मोबाईल आणि खूण तिन्ही लिहा. पूर्वी नोंदणी करून महिनोन्‌महिने वाट बघायला लागायची, त्यामानाने आता सुख आहे. प्रूफ घ्यायचं की यूएनसी (अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेलं साधं नाणं), हे मात्र आधी ठरवा. प्रूफची पार्श्वभूमी आरशासारखी असते आणि चित्र त्यावर दुधी उठतं. दिसायला देखणं, पण बोटाचा एक ठसा पुरतो.

त्यावरून आठवलं. माझ्या पहिल्या प्रूफ नाण्यावर डाग दिसला म्हणून मी ते पुसलं, आणि कशाने, तर नव्या कोऱ्या टॉवेलने. सोलापूरकर, दुसरं काय हाताशी असणार! टॉवेल कितीही मऊ असो, दिव्याखाली नाणं तिरपं धरलं की त्या रेघा अजून दिसतात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. डाग मात्र होता तसाच आहे. तेव्हा सुती हातमोजे आणा, नाणं कडेनेच धरा आणि पुसायचा मोह आवरा.

दुसरा दणका आपल्या उन्हाळ्याचा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि मी वरच्या मजल्यावर पत्र्याखाली लोखंडी कपाटात अल्बम ठेवला होता. स्वस्तातली पीव्हीसीची पानं होती. जून उजाडला तेव्हा तांबं असलेल्या नाण्यांवर हिरवट चिकट थर. पीव्हीसी नसलेले कप्पे घ्या, अल्बम खालच्या मजल्यावर आतल्या खोलीत ठेवा, पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी टाका.

आता रोजच्या वापरातली नाणी. ही हौस मला चांदीच्या नाण्यांहून जास्त आवडते, कारण इथे पैसे लागत नाहीत, डोळे लागतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात ठेवा आणि सालाखाली टांकसाळीची खूण बघा. शंकरपाळी दिसली तर मुंबई, चांदणी दिसली तर हैदराबाद, गोल ठिपका दिसला तर नोएडा, आणि काहीच नसलं तर कोलकाता. ओळखीच्या किराणा दुकानदाराला सांगून ठेवा, रात्री गल्ला मोजताना शेजारी बसा. नव्या सालाचं नाणं पहिल्यांदा कोणत्या दिवशी दिसलं आणि कोणत्या टांकसाळीचं, ते वहीत लिहा. 2019 च्या मालिकेतलं वीस रुपयांचं नाणं बारा कोनी, 27 मिलिमीटर, 8.54 ग्रॅम. शंका आली तर खिशातला छोटा काटा कामाला येतो. मंडईतल्या मावशी म्हणाल्या, “दहाचं नाणं चालत नाही ओ इथं,” तर भांडू नका. जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने दहाची चौदाही डिझाइन वैध असल्याचं सांगितलं होतं, तेवढं सांगा. मी सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि नोटच मागितली.

आकड्यांकडे परत येऊ. रिझर्व्ह बँकेचा वार्षिक अहवाल मेअखेरीस येतो, त्यात चलनातल्या नाण्यांची संख्या आणि मूल्य असतं. त्यात दोन गोची आहेत. अहवाल एप्रिल ते मार्च असतो आणि नाण्यावर जानेवारी ते डिसेंबरचं साल, त्यामुळे एकाच सालाची नाणी दोन अहवालांत वाटली जातात. शिवाय दहा रुपये म्हणजे सगळ्या डिझाइनांची, चारही टांकसाळींची एकत्र बेरीज. म्हणून स्मारक नाण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज तयार ठेवा. शुल्क दहा रुपये, पोस्टल ऑर्डर चालते, उत्तराची मुदत तीस दिवस. प्रश्न अरुंद विचारा: अमुक नाण्याचे प्रूफ किती तयार केले, अमुक तारखेपर्यंत किती विकले. तयार केलेले आणि विकलेले हे दोन वेगळे आकडे आहेत, बाजारातले विक्रेते सोयीचा तेवढाच सांगतात. व्यापारी गुप्ततेचं कलम पुढे करून नकार आला, तर पहिल्या अपिलाला पुन्हा तीस दिवस मिळतात, ती तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवा.

वैष्णोदेवीचं 2012 चं नाणं लाखाला विकलं जातं, असा निरोप आला तर सोडून द्या. जुन्या नाण्यांच्या खरेदीविक्रीत रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून फसवणूक होते, असं बँकेनेच ऑगस्ट 2021 मध्ये बजावलं आहे. ‘आधी कमिशन भरा’ म्हणणाऱ्याचा नंबर वहीत लिहायचा नसतो, ब्लॉक करायचा असतो.

पार्सल आलं की हात धुवून, कोरडे करून बसा. मोबाईल टेकवून उघडतानाचं चित्रीकरण चालू करा, बाहेरचं सील आणि वजन दिसू द्या. डबीच्या फोमवर नाणं सैल हलत असेल तर आतच असताना फोटो काढा, कारण कड घासली गेली की तक्रारीला तोच पुरावा. मग वही उघडून तारीख आणि भरलेली रक्कम लिहा, टपालखर्च वेगळा, आणि झाकण लावून टाका.