बीपी ‘कंट्रोल्ड’ आहे, पण कोड कुठला?

माझ्या आजीला ‘बीपी किती आहे?’ विचारलं की ती म्हणते, ‘आहे ना, दहा वर्षांपासून.’ मराठीत बीपी ‘असतं’ किंवा ‘नसतं’. ही सवय घेऊन मी बी.फार्म. नंतर पुण्यात मेडिकल कोडिंगला, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी वाचून त्यांना ठरलेले कोड लावायच्या कामाला, लागलो आणि पहिल्याच महिन्यात ती नडली. अमेरिकेतल्या एका रुग्णाच्या चार्टवर, म्हणजे वैद्यकीय नोंदींमध्ये, १४४/८८ दिसलं, मी बेधडक आय १० हा हायपरटेन्शनचा, म्हणजे उच्च रक्तदाबाच्या आजाराचा, कोड लावून मोकळा. ऑडिटरने परत पाठवलं. डॉक्टरांनी हायपरटेन्शनचं निदान कुठेच लिहिलं नव्हतं, फक्त ‘एलिव्हेटेड बीपी’ लिहिलं होतं. त्याला आर ०३.०. आकडा कितीही वाढलेला असो, आजाराचं नाव डॉक्टरने लिहायचं, आपण नाही.

पुढचा गोंधळ ‘कंट्रोल्ड’ या शब्दाचा. चार्टमध्ये ‘हायपरटेन्शन, कंट्रोल्ड’ वाचून मी त्याचा वेगळा कोड शोधत अर्धा तास घालवला. आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या कोडच्या यादीत तो नाहीच. कंट्रोल्ड असो की अनकंट्रोल्ड, कोड आय १० ते आय १५ मधलाच. सोबत किडनीचा जुनाट आजार असेल तर मात्र आय १० चालत नाही. दोघांचा संबंध नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट म्हटलं नसेल, तर तो आहे असं धरून आय १२ गटात जायचं आणि एन १८ मधून किडनीच्या आजाराची स्टेज लावायची.

मग बीपी आटोक्यात आहे हे नोंदवायचं कुठे? सीपीटी या वैद्यकीय सेवांच्या कोडच्या यादीतल्या कॅटेगरी टू कोडमध्ये. यांच्या शेवटी एफ असतो. वरचं बीपी १३० च्या खाली असेल तर ३०७४एफ, १३० ते १३९ ला ३०७५एफ, १४० किंवा जास्त असेल तर ३०७७एफ. (मधला ३०७६ शोधू नका, मी शोधला आहे.) खालचं ८० च्या आत असेल तर ३०७८एफ, ८० ते ८९ ला ३०७९एफ, ९० पासून पुढे ३०८०एफ. एक वरचा, एक खालचा, अशी जोडी लागते. क्लेमवर, म्हणजे विमा कंपनीला जाणाऱ्या बिलावर, यांची रक्कम शून्य डॉलर, नाहीतर एक सेंट. फ्रेशर म्हणून मला वाटायचं, पैसेच मिळत नाहीत तर ही उठाठेव कशाला?

कारण आहे हेडिस, म्हणजे आरोग्यसेवेची गुणवत्ता मोजायचे ठरावीक निकष. एनसीक्यूए ही संस्था विमा कंपन्यांची गुणवत्ता यातून मोजते. हायपरटेन्शन असलेल्या १८ ते ८५ वयाच्या रुग्णांपैकी कितीजणांचं बीपी १४०/९० च्या खाली आहे, हा त्यातला एक निकष. कोड क्लेमवर आधीच गेला, तर नंतर तेवढ्यासाठी चार्ट मागवून पानं उलटावी लागत नाहीत.

इथे वर्षातलं शेवटचं रीडिंग धरतात. मार्चमध्ये छान १२८/७६ होतं आणि डिसेंबरमध्ये १४०/८४ निघालं, तर रुग्ण आटोक्याबाहेर. बरोबर १४० सुद्धा नापासच. इमर्जन्सीत किंवा रुग्णालयात दाखल असताना घेतलेलं रीडिंग धरत नाहीत. रुग्णाने घरी डिजिटल मशीनवर घेतलेलं, चार्टमध्ये तारखेसह नोंदलेलं चालतं. त्यानेच स्टेथोस्कोप लावून घेतलेलं नाही.

माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक मात्र एकाच दिवसाच्या दोन रीडिंगची. आल्या आल्या १४६/८६, थोडं बसवून पुन्हा १३८/९२. मी पहिलं धरून ३०७७एफ लावला. टीम लीडने विचारलं, ‘दुसरं का नाही?’ मी दुसरं धरलं, तरी चूक. नियम असा की त्या दिवसाचं सगळ्यात कमी वरचं आणि सगळ्यात कमी खालचं, मग ती वेगवेगळ्या रीडिंगमधली का असेनात. म्हणजे १३८/८६: ३०७५एफ आणि ३०७९एफ. रुग्ण पास! मला हे अजूनही जरा लबाडीचं वाटतं, पण नियम तोच आहे.

आणि ‘बीपी वेल कंट्रोल्ड’ एवढंच वाक्य असेल, आकडा नसेल, तर यातला एकही कोड लागत नाही. अशा वेळी मागच्या भेटीचा आकडा उचलून आजच्या तारखेवर लावायचा मोह होतो, विशेषतः महिनाअखेरीला टार्गेट डोक्यावर असताना. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या एकाने तेच केलं आणि त्याचे आधीचे सगळे चार्ट पुन्हा तपासायला निघाले.